आजीची बोली आणि वर्गातलं हसू

एका आईचा प्रश्न आला आहे. कुटुंब मूळचं बागलाणातलं, सटाण्याजवळचं. दोन वर्षांपूर्वी वडिलांना अंबडच्या एका कारखान्यात काम लागलं आणि सगळे नाशिकच्या सिडकोत राहायला आले. घरात अहिराणी. मुलगी आता आठवीत आहे. दिवाळीनंतर तिने आजीशी अहिराणीत बोलणं बंद केलं. आजीने "काय करी ऱ्हायनी व?" असं विचारलं की "अभ्यास करतेय" एवढंच तुटक उत्तर येतं. रिक्षात आजी बोलायला लागली की ती तोंड फिरवून बसते. आता शाळेचं स्नेहसंमेलन आलंय, तर "आजीला आणू नका" म्हणाली. आई विचारते, "आम्ही तिला हे कधीच शिकवलं नाही. मग ती शिकली कुठून? आणि तिला बाकीच्या मुलींसारखं होऊ द्यायचं की अडवायचं?"

ताई, मी २६ वर्षं नाशिकच्या शाळांमध्ये समुपदेशक म्हणून काम करते आहे. बोलीवरून, डब्यावरून, आडनावावरून, कपड्यांवरून मुलं अशी एकदम बदललेली मी पुष्कळ पाहिली. म्हणून तुमच्या जिवाला जे लागलंय त्याबद्दल आधी बोलते. तुमची मुलगी अहिराणी विसरलेली नाही आणि तिची आजीवरची मायाही आटलेली नाही. ती एक नियम शिकली आहे: ही बोली चारचौघांत बोलायची नाही. नियम चुकीचा आहे. पण दाराबाहेर चप्पल काढायला किंवा मोठ्यांच्या पाया पडायला ती जशी शिकली, तशीच हेही शिकली. समाजशास्त्राच्या पुस्तकात याला सामाजिकीकरण म्हणतात. शब्द जड आहे, पण गोष्ट आपल्या रोजच्या पाहण्यातली आहे.

जुन्या नाशकात रंगपंचमीला रहाडी उघडतात. तिवंधा, शनी चौक, दिल्ली दरवाजा इथे पेशव्यांच्या काळापासून जमिनीत बांधलेले हे हौद वर्षभर मातीखाली झाकलेले असतात. त्या दिवशी ते मोकळे करून रंगाच्या पाण्याने भरतात, मानकरी पूजा करतात आणि मग लोक धप्पा मारतात, म्हणजे रहाडीत उडी घेतात. तुम्ही नवीन आहात, अजून पाहिली नसेल तर एकदा बघा, आणि रंगापेक्षा काठावरच्या लहान पोरांकडे जास्त बघा. पहिल्या वर्षी पोरगं काकाचं बोट धरून उभं असतं. पूजा होईपर्यंत कुणी पाण्यात उतरत नाही, उडी कुठल्या बाजूने घ्यायची, घेतल्यावर लगेच बाहेर यायचं, हे त्याला कुणी सांगत नाही. ते बघतं. कुणी मध्येच घुसलं तर चार जण "ए, थांब" म्हणून ओरडतात, तेही ते बघतं. दोन वर्षांनी तेच पोरगं दुसऱ्याला "अरे, पूजा होऊ दे" म्हणून सांगत असतं.

माणसाचं पोर किती बारकाईने नक्कल करतं यावर २००५ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. एका पेटीतून खाऊ कसा काढायचा हे मुलांना आणि चिंपांझींना करून दाखवलं, पण त्यात काही हालचाली मुद्दाम निरुपयोगी घातल्या. पेटी पारदर्शक केल्यावर त्या हालचालींचा उपयोग नाही हे उघड दिसत होतं. चिंपांझींनी त्या गाळल्या आणि थेट खाऊ काढला. मुलांनी सगळ्या हालचाली जशाच्या तशा केल्या. वाचल्यावर पहिल्यांदा वाटतं, माकड हुशार निघालं. पण मुलांच्या डोक्यात दुसरा हिशेब चालू असतो: मोठं माणूस असं करतंय म्हणजे हे असंच करायचं असणार. सण, भाषा, स्वयंपाक, सगळं पुढच्या पिढीकडे जातं ते याच सवयीमुळे. आणि वर्गातली एखादी वाईट रीतही याच सवयीमुळे पुढे जाते.

आता वर्गात नेमकं काय घडतं ते जवळून सांगते. काही वर्षांपूर्वी कळवणहून आलेली सहावीतली एक मुलगी माझ्याकडे आली होती. सरांनी "काय शोधतेस?" विचारलं आणि ती पटकन बोलून गेली, "सर, मना पेन…" पुढचं वाक्य झालंच नाही. मागून एक जण हसला. दोघांनी वळून पाहिलं. सर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी फक्त "माझा पेन म्हण" असं सुधारून सांगितलं आणि फळ्याकडे वळले. सगळं मिळून दहा सेकंदही लागले नसतील. मी तिला विचारलं, मग तू काय केलंस? ती म्हणाली, "पेन सापडला नाही तरी मी पुन्हा विचारलं नाही. पेन्सिलीने लिहिलं."

सर मुलांवर जीव लावणारे होते. पुढे मी त्यांच्याशी बोलले तेव्हा त्यांना हा प्रसंग आठवतसुद्धा नव्हता. मुलीला मात्र त्या दिवशीची तारीख पाठ होती.

त्याच वर्गात दोन बाकं मागे सुरगाण्याकडचा एक मुलगा बसत होता. त्याच्या घरी कोकणा बोलतात. त्याला त्या दिवशी कुणी काही बोललं नाही, पण नियम तोही शिकला, आणि फटका न खाता शिकला. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात लहान मुलांवर केलेले प्रयोग याच गोष्टीचे आहेत. मोठा माणूस एका बाहुल्याला मारतोय अशी फिल्म मुलांना दाखवली. काही मुलांना शेवटी त्या माणसाला शिक्षा झालेली दाखवली, काहींना शाबासकी मिळालेली. शिक्षा पाहिलेल्या मुलांनी नक्कल कमी केली. पण नंतर "त्याने काय काय केलं ते करून दाखव, बक्षीस देऊ" म्हटल्यावर सगळ्या गटांतल्या मुलांनी सारखंच करून दाखवलं. म्हणजे शिकली होती सगळीच. कुठे करून दाखवायचं आणि कुठे आवरायचं, एवढाच फरक. तुमच्या मुलीची अहिराणी अशीच आत शाबूत आहे.

दुसरीही एक गोष्ट लक्षात घ्या. मुलं नियम नुसते पाळत नाहीत, ते राखतातही. जर्मनीत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीन वर्षांच्या मुलांना एक नवा खेळ दाखवला आणि मग एक बाहुली तोच खेळ चुकीच्या पद्धतीने खेळायला लागली. मुलांनी तिला अडवलं: असं नाही करायचं! त्यांचं स्वतःचं काही बिघडत नव्हतं, कुणी त्यांना राखण करायला सांगितलं नव्हतं. आपल्या घरातही तीन वर्षांचं पोर आजोबांना "चप्पल आत नाही आणायची" म्हणून दटावतं आणि आपण कौतुकाने हसतो. वर्गात हसणारा मुलगा हाच. तो दुष्ट नाही. त्याला जे "बरोबर" म्हणून कळलंय त्याची तो राखण करतोय. त्याच्यावर तुटून पडलात तर तो गप्प बसेल, पण तो नियम तसाच राहील.

आता थोडं कठीण बोलते. "आम्ही तिला हे कधीच शिकवलं नाही" असं तुम्ही लिहिलंय. मनाशी एकदा आठवून बघा. घरमालकांचा किंवा शाळेतल्या बाईंचा फोन येतो तेव्हा तुमचा आवाज बदलतो का? इमारतीत संक्रांतीचं हळदीकुंकू झालं तेव्हा सासूबाई सोबत होत्या, की "त्यांचे गुडघे दुखतात" म्हणून घरी राहिल्या? नवीन गावात जम बसवताना सगळेच हे करतात. येवल्याहून नाशिकला आल्यावर मीही केलं, आणि माझ्या आईची गावाकडची लकब ऐकून मीही बाजूला सरकले. दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. पण मुलगी तुमच्या तोंडाकडे बघत मोठी झाली आहे. वर्गातल्या हसण्याने तिला जी शंका आली, ती घरातल्या या छोट्या गोष्टींनी पक्की झाली असणार. म्हणून दुरुस्ती शाळेआधी घरातून सुरू करावी लागेल. ते सोपंही आहे, कारण घर तुमच्या हातात आहे.

माणसाला रांगेत आणणाऱ्या गोष्टी बहुतेक वेळा अगदी बारीक असतात. मारहाण, दंड हे फार पुढचं. त्याआधी हसू, टोपणनाव, वळलेल्या माना, डबा खाताना थोडं सरकून बसणं. आणि या सगळ्यांहून चिवट म्हणजे कौतुक. "किती शहाणी मुलगी, आवाजसुद्धा येत नाही तिचा!" हे वाक्य मी आपल्याकडच्या पालकसभांमध्ये सतत ऐकते. मुलगी त्यातून काय घेते? गप्प बसलं की आपण चांगले. पुढे तिच्यावर अन्याय झाला तरी ती हाच चांगुलपणा राखत बसते. रागावण्याला मूल कधीतरी उलट उत्तर देतं. कौतुकाला कुणी उलट उत्तर देत नाही.

मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांचा १९५१ सालचा प्रयोग मी प्रत्येक शिक्षक प्रशिक्षणात सांगते, कारण त्याचा शेवट फार उपयोगाचा आहे. एका खोलीत काही तरुण बसवले. समोर एक रेघ, बाजूला तीन रेघा. कोणती रेघ पहिलीएवढी आहे ते मोठ्याने सांगायचं. उत्तर लहान मूलही सांगेल इतकं उघड. पण त्यातला एकच जण खरा पाहुणा होता, बाकीचे प्रयोगकर्त्याने शिकवून ठेवलेले. १८ पैकी १२ वेळा त्यांनी एकमुखाने चुकीचं उत्तर दिलं. त्या १२ वेळांत खऱ्या माणसांनी दिलेल्या उत्तरांपैकी साधारण एक तृतीयांश उत्तरं गटाच्या चुकीबरोबर वाहत गेली. चारांपैकी तीन जण एकदा तरी झुकले. डोळ्यांना दिसणाऱ्या रेघेबाबत मोठी माणसं अनोळखी लोकांपुढे झुकतात, तर १३ वर्षांची मुलगी ४५ ओळखीच्या चेहऱ्यांपुढे झुकली यात तिचा दुबळेपणा कुठे आला?

आता तो शेवट. अ‍ॅश यांनी त्या गटात खरं उत्तर देणारा एक, फक्त एक माणूस ठेवला. चुकीबरोबर जाणं पाच टक्क्यांच्या आसपास आलं. बाकी सगळे पहिल्यासारखेच चुकीचं बोलत होते, फक्त सोबतीला एक जण आला होता.

हे मला उशिरा कळलं, आणि त्याची किंमत एका मुलीने मोजली. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी मुलांना "ठाम राहा, वर्गात उभं राहून सांग" असा सल्ला द्यायचे. डब्यात सुकट आणते म्हणून जिच्याजवळ कुणी बसत नव्हतं अशा सातवीतल्या एका मुलीला मी हेच सांगितलं. ती बिचारी खरंच उभी राहिली आणि वर्गासमोर बोलली. त्या आठवड्यापासून तिला नवं नाव पडलं. पुढे तिने डबा आणणंच सोडलं, आणि मला ते दोन महिन्यांनी कळलं. एकट्या मुलाला पुढे ढकलून गटाचा नियम मोडत नाही, मूल मोडतं. तेव्हापासून मी आधी सोबत शोधते, धीटपणाचं नंतर बघते.

तर तुम्ही काय करायचं?

मुलगी निवांत असेल तेव्हा, शक्यतो झोपायच्या आधी, तिला कागद-पेन्सिल द्या. "लोक हसतात" असं ती म्हणाली की विचारा, कोण कोण? नावं लिही. आपल्या भाषेत "चार लोक काय म्हणतील" हे वाक्य फार जुनं आहे, पण ते चार लोक कोण हे कुणी कधी विचारत नाही. जॉर्ज हर्बर्ट मीड या विचारवंताने म्हटलं होतं की मूल आधी आई, बाबा, बाई अशा एकेका माणसाच्या नजरेतून स्वतःला बघायला शिकतं आणि मग त्या सगळ्यांची मिळून एक नजर त्याच्या मनात तयार होते. आपले "चार लोक" म्हणजे हीच नजर. तिला नाव-गाव नसतं म्हणून तिची भीती वाटते. कागदावर उतरवलं की ती माणसं होतात. माझ्याकडे आलेल्या मुलांच्या कागदावर सुरुवातीला "सगळे" असं लिहिलेलं असतं. पंधरा मिनिटांनी तीन किंवा चार नावं उरतात. त्यातल्या एका नावापुढे मूल स्वतःच म्हणतं, "ही नाही हसत खरं तर, ती फक्त बघते." ती बघणारी मुलगी हीच आपली सोबत असू शकते. तिला एखाद्या रविवारी घरी बोलवा. कळण्याची भाकरी आणि ठेचा करा, नेहमी करता तसंच करा, पाहुणी आली म्हणून पुलाव नको. आजीला त्या दिवशी आत बसवू नका.

शिक्षकांशीही बोला, पण तक्रारीचा सूर नको. त्यांना एक विनंती मात्र जरूर करा: वर्गात "आपल्याकडची बरीच मुलं बोलीवरून हसतात, हे वाईट आहे" असं भाषण देऊ नका. हेतू चांगला असतो, परिणाम उलटा होतो. अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या पेट्रिफाइड फॉरेस्ट या राष्ट्रीय उद्यानातून पर्यटक दगड झालेल्या लाकडाचे तुकडे उचलून नेत. संशोधकांनी दोन प्रकारचे फलक लावून पाहिले. "आतापर्यंत अनेकांनी लाकूड नेल्यामुळे जंगलाची हानी झाली" असं लिहिलेल्या फलकाजवळ खुणा करून ठेवलेल्या तुकड्यांपैकी सुमारे ८ टक्के चोरीला गेले. "कृपया लाकूड नेऊ नका" अशा साध्या फलकाजवळ २ टक्क्यांहूनही कमी. सगळेच नेतात म्हटल्यावर माणूसही हात पुढे करतो. "बरीच मुलं हसतात" हे ऐकून न हसणाऱ्या मुलांना वाटतं, अरे, आपणच वेगळे आहोत.

त्यापेक्षा चिठ्ठ्यांचा उपाय करायला सांगा. मी तो बऱ्याच वर्गांत केला आहे. प्रत्येकाने नाव न लिहिता चिठ्ठीवर लिहायचं: घरी आजीशी कोणत्या बोलीत बोलता? आणि दुसरं, कुणी बोलीवरून हसलं तर तुम्हाला आवडतं का? मग चिठ्ठ्या तिथेच मोठ्याने वाचायच्या. सिडको-सातपूरकडच्या वर्गात काय काय निघतं! अहिराणी, कोकणा, वंजारी, भोजपुरी, मारवाडी, दखनी, वऱ्हाडी. पुस्तकातलं मराठी आजीशी बोलणारी मुलं थोडी निघतात. दुसऱ्या प्रश्नाला "आवडत नाही" असं लिहिणारे इतके असतात की वाचता वाचता वर्ग शांत होत जातो. एका वर्गात तर सगळ्यात मोठ्याने हसणाऱ्या मुलाने तास संपल्यावर मला गाठलं आणि हळूच सांगितलं, "मॅडम, ती भोजपुरीवाली चिठ्ठी माझी होती."

प्रत्येकाला आतून एक वाटत असतं, पण बाकीच्यांना मात्र दुसरंच वाटतंय अशी प्रत्येकाची समजूत असते. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचा १९९३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास याच धाटणीचा होता. आवारात चालणाऱ्या दारूबद्दल बहुतेकांना स्वतःला अवघडल्यासारखं वाटत होतं, पण बाकीचे त्याबाबत निवांत आहेत असं ते धरून चालले होते. असा नियम कुणालाच नको असतो, तरी तो टिकतो, कारण कुणी मोठ्याने विचारत नाही.

मोठ्यांच्या जगातही असंच घडतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. तिथे मे २०२२ मध्ये ग्रामपंचायतीने ठराव केला की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. एकेका घराला हे आधी का जमलं नसेल? दुःखाच्या त्या दिवशी सासू, नणंद, जाऊ, कुणाच्याच मनात तिच्या बांगड्या फोडायचं नसलं तरी दारात जमलेल्या बायका काय म्हणतील म्हणून हात पुढे होतात. ठरावाने एवढंच केलं, की दारातल्या बायकांनाही हे नको आहे असं सगळ्यांना एकदम कळलं. वर्गातल्या चिठ्ठ्या म्हणजे लहान मुलांचा असा ठरावच असतो.

"बाकीच्या मुलींसारखं होऊ द्यायचं की अडवायचं" याचं एका शब्दात उत्तर नाही. १९०६ साली समाजशास्त्रज्ञ विल्यम समनर यांनी केलेला एक भेद इथे कामाला येतो. काही रीती नुसत्या लोकरीती असतात, मोडल्या तर लोक नाक मुरडतात, एवढंच. काही लोकनीती असतात, त्या मोडल्यावर समाज खवळतो. मी त्यात माझ्या कामापुरता आणखी एक प्रश्न घालते: हा नियम पाळताना कुणाला तरी कमी लेखावं लागतं का? वर्गात प्रमाण मराठीत उत्तर द्यायचं, याने कुणाचा अपमान होत नाही. ४५ मुलांना एकमेकांचं कळावं म्हणून ती सोय आहे. मुलगी वेणीऐवजी पोनी घालते, डब्यात पोळी मागते, मैत्रिणींसारखी बॅग मागते, ते खुशाल होऊ द्या. एकाच दिवसात दोन भाषा बोलणं ही तर कमाई आहे. पण आजीला स्नेहसंमेलनाला आणायचं नाही, या नियमात आजी कमी ठरते. तिथे तुम्ही उभं राहायचं. रागावून नाही, पण हटायचंही नाही.

नाशिकमध्ये राहून हे समजावायला लांब जावं लागत नाही. एखाद्या सकाळी तिला आणि आजीला घेऊन पंचवटीत काळाराम मंदिरापाशी जा. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तिथे सत्याग्रह सुरू झाला. मागणी एवढीच, की अस्पृश्य मानलेल्यांनाही देवळात जाता यावं. दारं बंद करून घेण्यात आली. नाशिक जिल्ह्यातलेच दादासाहेब गायकवाड तो लढा सांभाळत होते आणि तो कित्येक वर्षं चालला. आत कुणी जायचं हा नियम तेव्हा कित्येकांना सूर्य उगवण्याइतका स्वाभाविक वाटत होता. तो मोडायला माणसं हजारोंनी एकत्र आली. पुढे १३ ऑक्टोबर १९३५ रोजी आमच्या येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर केलं की आपण हिंदू म्हणून मरणार नाही. जो गट माणसाला माणूस मानत नाही त्याच्या संमतीसाठी थांबायचं नाही, हा निर्णय येवल्यातला. मुलीला तारखा नाही सांगितल्या तरी चालेल. देवळाच्या दगडी भिंतीजवळ उभं राहून, इथे काही माणसांना आत येऊ देत नव्हते, एवढं सांगा. बाकीचं ती स्वतः विचारेल.

आजही ही सक्ती कुठवर जाते हे आपल्या राज्याला माहीत आहे. जात पंचायतींनी कुटुंबंच्या कुटुंबं वाळीत टाकली. म्हणून महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, तो २०१७ पासून लागू आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. डबा खाताना सरकून बसणं आणि वाळीत टाकणं यात अंतर खूप आहे, हे मला कळतं. पण दोन्हीची दिशा एक आहे, म्हणून मी शाळेतल्या सरकून बसण्याला लहान समजत नाही.

काही खुणांवर नजर ठेवा. मुलगी जेवण टाकू लागली, रविवारी रात्री पोटात दुखू लागलं, शाळेत जायला रडू लागली, स्वतःबद्दल "मी घाणच आहे" असं बोलू लागली, तर ही नुसती जुळवून घेण्याची धडपड राहिलेली नाही. मग वाट बघू नका. शाळेच्या समुपदेशकांना भेटा, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.

आणि घरातलं आजपासून सुरू करा. फोनवर कुणीही असो, सासूबाई जवळ असतील तर त्यांच्याशी मध्येच अहिराणीत बोला, आवाज न दाबता. जिन्यात शेजारीण भेटली की सासूबाईंची ओळख करून द्या. मुलीला अहिराणीत बोल म्हणून आग्रह करू नका, ती शहरी मराठीत उत्तर देईल, देऊ द्या. तुम्ही बोलत राहा. सुट्टीत गावी नेलंत की भावंडांमध्ये तासाभरात तिची जीभ मोकळी होईल, तेव्हा "बघ, येतं ना तुला" असं मात्र म्हणू नका, ती पुन्हा मिटेल.

स्नेहसंमेलनाला आजी येणार हे तिला आठवडाभर आधी शांतपणे सांगा. शेवटच्या दिवशी नको. ती रडेल, भांडेल, "तुला काही कळत नाही" म्हणेल. ते ऐकून घ्या. मग तिला विचारा, तुला कशाची भीती वाटते? बहुतेक ती आजीच्या मोठ्या आवाजाचं किंवा लुगड्याचं सांगेल. लुगडं बदलायचं नाही. पण कार्यक्रमाच्या वेळी कुठे बसायचं, मैत्रिणींना भेटवायचं की नाही, हे तिला ठरवू द्या. पुढची रांग नको म्हणाली तर मागे बसा. ज्या मैत्रिणीला रविवारी घरी बोलावलं होतं, ती आजीला ओळखतेच. ती आपण होऊन येईल बोलायला. आली तर तुम्ही मध्ये पडू नका.